आजान, आचारी आणि दगडी खल

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांची थायलंड सहल म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र, पोहण्याचा तलाव आणि पलंगावर टॉवेलचा हत्ती येतो. हत्ती असतोच, सोंडेसकट. पण वेळापत्रकात ‘सकाळी ९, थाई स्वयंपाक’ अशीही एक ओळ असते. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. म्हणजे हुआ हिनच्या रिसॉर्टात नऊ वाजतात तेव्हा आपलं पोट साडेसातचं असतं, आणि बुफे फुकट म्हणून त्यात चार नाश्ते कोंबलेले असतात.

शिकवणाऱ्याला तिथे ‘आजान’ म्हणतात. मूळ शब्द आपला ‘आचार्य’. या वर्गात आचार्य आणि आचारी एकाच अ‍ॅप्रनमध्ये उभे असतात.

पदार्थ असतो हिरवी करी. टेबलावर गवती चहा, नारळ, धने, जिरे बघून मराठी पोरं निर्धास्त होतात. इथेच घात होतो. गवती चहाची पात आपण चहात टाकतो. इथे पात बाजूला आणि बुडाचा पांढरट दांडाच तेवढा घ्यायचा, तोही चार-पाच बोटं. आलं म्हणून उचललेलं निघतं कुलिंजन. कोथिंबिरीची हवी असतात मुळं, जी आपल्याकडे जुडी निवडताना आधी केरात जातात. आणि हिरव्या करीच्या थाई नावातला ‘वान’ म्हणजे गोड, म्हणून गोडाची वाट बघू नये. ते गोड रंगाला आहे. चवीला १५ हिरव्या मिरच्या आहेत.

आता करीचं वाटण कुटणं. माझ्या मते खरी परदेशवारी ती हीच. खल ग्रॅनाइटचा, बत्ताही दगडी. आधी चमचाभर मीठ, भाजलेले धने १ चमचा, जिरे अर्धा, पांढरी मिरी ५-६. मीठ चवीपेक्षा घासणीचं काम करतं. मग गवती चहा, कुलिंजन, माक्रुत लिंबाची साल आणि कोथिंबिरीची मुळं. गवती चहा आडवा, कागदासारखा पातळ चिरलेला हवा, नाहीतर करीत काथ्या निघतो. सालीचा फक्त हिरवा भाग खरवडायचा. खालचं पांढरं आलं की अख्खा खल कडू. हे सगळं मऊ झाल्यावर मिरच्या, त्यानंतर लसूण आणि छोटे कांदे. पाणी सुटणारी वस्तू आधी घातली की बत्ता घसरतो, चिवट तुकडे कडेला पळतात आणि कुटणारा त्यांच्या मागे.

दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो, कारण आपण खांद्यातून हाणतो. बत्ता मनगटातून सोडायचा, त्याच्या वजनाने पडू द्यायचा, आणि दुसरा तळवा खलाच्या तोंडावर आडवा धरायचा. तो धरला नाही की मिरची सरळ डोळ्यात. धरला की तळव्यात. मुलगी पसंत करताना तिच्या खलबत्त्याचा ठेका ऐकत, असं तिकडे सांगतात. आमच्या बाजूचा ठेका ऐकून वऱ्हाड परत गेलं असतं.

‘आजान, मिक्सर?’ हा प्रश्न येतोच. मिक्सर फिरायला पाणी लागतं, आणि पाणी पडलेलं वाटण परतलं जात नाही, उकडतं.

शेवटी चमचाभर कापी. मीठ लावून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा तो गोळा. वास आला की अर्धा वर्ग मागे सरकतो. जवळा खाऊन वाढलेली कोकणातली मुलं तेवढी पुढे येऊन विचारतात, ‘एवढाच?’ शाकाहाऱ्यांनी ‘मांगसाविरत’ म्हणावं. मांस अधिक विरती, संस्कृतच. शब्द समजायला सोपा. पण कापी आणि नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, यांची आठवण वेगळी करून द्यावी लागते.

कढईत आणखी एक धक्का. नारळाचं दूध फुटू नये म्हणून आपल्याकडे जीव मुठीत धरून ढवळतात. इथे दाट दूध मुद्दाम फोडायचं. मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत, मग त्या तेलात ३-४ चमचे वाटण परतायचं. डब्यातलं दूध कधीकधी हट्टाने फुटत नाही, कारण ते एकजीव राहावं म्हणून त्यात काहीतरी घातलेलं असतं. मग गुपचूप चमचाभर तेल घालावं. पुढे कोंबडी, पातळ दूध, चार फोडींची गोल वांगी, माक्रुतची पानं. खारटपणा नाम प्लामधून येतो. सवयीने वरून मीठ टाकणारा एक वीर प्रत्येक गटात असतोच.

आच बंद करून वर पानं टाकायची ती होरापाची, आपल्या सब्ज्याची बहीण. अस्सल तुळस दुसऱ्या पदार्थात, लसूण-मिरचीबरोबर मांसात परततात. हे आजीला फोनवर सांगू नये.

हात धुताना आधी तेल चोळावं, मग साबण. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याला दाद देत नाही. हे सांगितलं जातं तेव्हा सगळे तलावाकडे धावत असतात. संध्याकाळच्या फोटोत सगळ्यांचे डोळे लालबुंद. घरचे समजतात, क्लोरीन.