आईच्या मालिकांवर बोलायच्या आधी

घरच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला. मावसभावाने 'अ‍ॅडोलसन्स' ही ब्रिटिश मालिका बघितली, चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये, आणि बघून होताच लिहिलं की जग कुठे गेलं आणि आपल्या आया अजून सासू-सुना बघत बसल्यात, मराठी माणसाला चांगलं बघायची अक्कलच नाही, तिकडे युरोपात लोक कसं दर्जेदार बघतात ते ताईला विचारा. ताई म्हणजे मी. जर्मनीत बरीच वर्षं राहते म्हणून असल्या प्रत्येक वादात मला साक्षीला उभं करतात. तर देते साक्ष, पण त्याच्या बाजूने नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी तीन-दहाला फोन उचलत नाहीत. त्यांची 'श्टुर्म डेअर लीबं' ही मालिका चालू असते. बव्हेरियातलं एक मोठं हॉटेल, त्याचे मालक, त्यांची लग्नं, मोडलेली लग्नं, वारसाहक्क, कारस्थानं, हे सगळं २००५ पासून चाललंय आणि चार हजारांच्या वर भाग झालेत. दुसऱ्या चॅनेलवर 'गेझेटएसझेट' नावाची तसलीच मालिका १९९२ पासून चालू आहे, आठवड्याचे पाच दिवस. आणि रविवारी आठ-पंधराला 'टाटओर्ट' ही पोलीस तपासाची मालिका, ती तर १९७० पासून. सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी चांगले शिकलेसवरलेले, पीएचडी केलेले लोक कालचा खुनी आधीच कसा कळला यावर बोलतात, आणि बऱ्याचदा आधीच कळलेला असतो कारण ती बऱ्याचदा अगदी सुमार असते. पण म्हणून 'जर्मन माणसाला अक्कल नाही' असं इथे कोणी कोणाच्या आईला सुनावत नाही हो.

आणि हे लोक जगाचा सिनेमा बघतात म्हणे. बघतात, पण जर्मनमध्ये डब केलेला. कोरियन असो, तुर्की असो, अमेरिकन असो, सगळे जर्मन बोलतात. मूळ भाषेत बघायचं असेल तर शहरातल्या छोट्या थिएटरात कुठल्यातरी आडवारी ओएमयू, म्हणजे मूळ भाषा आणि खाली जर्मन सबटायटल्स असलेला, शो शोधायचा, आणि तिथे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आपल्याकडची साधी शाळेपर्यंत शिकलेली बाई घरात मराठी बोलते, सिनेमा हिंदीत बघते, शेजारणीशी गुजराती नाहीतर कन्नडमध्ये भागवते, तिला तीन भाषांची सवय असते, आणि तिच्याबद्दल आपण म्हणायचं की हिची जगाची खिडकी बंद आहे! मला हे सहन होत नाही.

आता तुलना करायचीच तर नीट करूया. 'अ‍ॅडोलसन्स' चार भागांची, एकेका भागासाठी आधी भरपूर तालीम, मग तोच भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत परत परत शूट. अप्रतिमच आहे, त्यातल्या मुलाचा आणि मानसशास्त्रज्ञ बाईचा तिसरा भाग बघून मी रात्री झोपले नाही. पण ती कुठल्या गोष्टीशेजारी ठेवता? घोडबंदर रोडला नाहीतर फिल्मसिटीत बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये आठवड्याला सहा भाग काढायचे, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली, सीन सकाळी सेटवर आल्यावर हातात पडणार, आणि गुरुवारी टीआरपी आला की चॅनेल म्हणणार हा ट्रॅक गुंडाळा, तो वाढवा. अशा कारखान्यात चार भागांची ती गोष्टसुद्धा चारशे भागांची झाली असती आणि त्या मुलाची एक जुळी बहीण निघाली असती. इथे प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो कापले जातात, टीव्ही असो नसो, त्या पैशातून सार्वजनिक चॅनेल चालतात, तरी त्यातून दुपारी तीन-दहाचं हॉटेल निघतंच. मग आपल्या मुख्यतः जाहिरातींवर जगणाऱ्या चॅनेलकडून काय मागायचं ते ठरवा, आणि शिव्या त्या चॅनेलवाल्यांना घाला. बघणारीला कशाला?

मालिका चांगल्या असतात असं मी म्हणत नाहीये. एका वाक्यावर पाच जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात तेव्हा मीही चिडते. नायिकेने सहा महिने एक साधं सत्य पोटात ठेवायचं, का, तर ते सांगितलं की गोष्ट संपेल. आणि मराठीत लिहिणारे एवढे लोक असताना बंगालीतून, तमिळमधून आयतं आणायचं, हेही मला पटत नाही. 'आई कुठे काय करते' मुळात बंगालीच. पण तीच मालिका २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली आणि ती चालू असताना माझ्या आईच्या भिशीत बायका घटस्फोटावर बोलायला लागल्या. म्हणजे उघड, नावानिशी, त्यातल्या नायिकेचं, अरुंधतीचं, नाव घेऊन. ज्यांनी आयुष्यभर तो शब्द फक्त दुसऱ्यांच्या सुनांसाठी वापरला त्या बायका म्हणत होत्या की बरं केलं तिने. कुठल्या फेस्टिव्हलच्या सिनेमाने त्या बायकांच्यात हे केलं असतं?

दोन वर्षांपूर्वी आई इथे आली होती तेव्हा मी तिला इराणी दिग्दर्शक असगर फरहादीचा 'अ सेपरेशन' दाखवला. तोच, ज्याला २०११ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. इंग्रजी सबटायटल्स, ती तिला पटापट वाचता येत नाहीत, मी अधूनमधून सांगत होते. नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी, आठवण गेलेला सासरा, त्याला सांभाळायला ठेवलेली गरोदर बाई, मग भांडण, मग कोर्ट. अर्धा सिनेमा झाला आणि आई म्हणाली, "ती बाई खोटं बोलत नाहीये गं, पण सगळं सांगतही नाहीये." सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की तिने काय पकडलं होतं. एवढ्या मालिका बघून बघून बायकांच्या चेहऱ्यावरून पोटातलं ओळखायची तिची सवय झालीये, आणि फरहादीचं अर्धं काम त्याच जिवावर चालतं. वर्ल्ड सिनेमा वर्ल्ड सिनेमा म्हणून जे डोक्यावर घेतो त्यातलं उत्तम ते असं घरगुतीच असतं ना, घरातलं भांडण, पैशाची ओढाताण, म्हाताऱ्या माणसाचं करायचं कोणी.

त्या सिनेमात बायकोला देश सोडायचा असतो आणि नवऱ्याला वडिलांना सोडून जायचं नसतं. मी हा सिनेमा एकटीने आधी बघितला होता तेव्हा त्यातली हाताळणी, कॅमेरा, शेवट, यावरच बोलले होते. आई शेजारी बसलेली असताना मला तो भाग बघवेना. ती काहीच बोलली नाही. संपल्यावर फक्त म्हणाली की दोघंही बरोबर आहेत, आणि चहा ठेवायला उठली.

मी पण रोज मालिका लावते. नोव्हेंबरात साडेचारला अंधार होतो, दिवसभर जर्मन आणि इंग्रजी बोलून घरी येते, आणि घरात कोणीतरी मराठीत ओरडत असलेलं मला हवं असतं. आणि रविवारी आईचा फोन येतो तेव्हा गुडघे, गोळ्या, पाऊस एवढं झालं की पाच मिनिटांत विषय संपतात. माझ्या ऑफिसातलं तिला कळत नाही, तिच्या सोसायटीतली नवीन माणसं मी बघितलेली नाहीत. मग मालिका येते. एकाच खलनायिकेवर आम्ही दोघी तासभर चिडू शकतो, पुढच्या आठवड्यात काय होणार यावर भांडू शकतो, आणि तेवढा वेळ मी आईच्या हॉलमध्ये असते. तुम्ही त्याला टुकार म्हणता तेव्हा माझ्याकडे राहिलेलं हे एवढंसं तुम्ही टुकार म्हणता.

वर्ल्ड सिनेमाचं प्रेमच असेल तर ते इतकं लांबचं का असतं? चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला, 'किल्ला'ला २०१४ मध्येच बर्लिनला मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात 'साबर बोंडं'ने ग्रँड ज्युरी प्राइझ आणलं, मराठी सिनेमाने. ग्रुपवर यातल्या एकाचंही नाव मी कधी वाचलं नाही. इथे पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' लागला तेव्हा मी एकटीच गेले होते, आणि छाया कदम मराठीत बोलायला लागली तेव्हा अख्ख्या थिएटरात मला एकटीला खाली वाचायची गरज नव्हती. इतका अभिमान मला इथे दुसऱ्या कशाचाच वाटलेला नाही.

तर दादा, माझी साक्ष झाली. 'कोर्ट' मावशीला घेऊन बघ, मधे मधे समजावून सांगू नकोस, तिला कळेल. आणि एक आठवडा साडेआठला फोन बाजूला ठेवून तिच्या सोफ्यावर बस, तिची मालिका पूर्ण बघ, ती काय बोलते ते ऐक. मग ग्रुपवर लिही, मी उत्तर देते.