दुप्पट भाव, फ्री डिलिव्हरी आणि माझ्या चिवड्याचा हिशोब

दिवाळी जवळ आली की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो, घरगुती बिझनेसवाल्या ताईंचा एकही ग्रुप सुटत नाही. या आठवड्यात मला तिघींनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी मावशी. मजकूर थोडक्यात असा की, कच्च्या मालाच्या दुप्पट भाव लावा म्हणजे १०० टक्के प्रॉफिट, डिलिव्हरी फ्री द्या, सुरुवातीला नफा बघू नका वॉल्यूम बघा, बाकीच्यांपेक्षा १० रुपयांनी स्वस्त ठेवा, कॅश ऑन डिलिव्हरी चालू ठेवा, आणि वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटीची कटकट नाही. खाली हात जोडलेला इमोजी.

मी चिवडा, भाजणी, मेतकूट ऑनलाइन विकते, चार वर्षं झाली. पहिल्या दिवाळीला अगदी हेच सगळं केलं होतं, त्यामुळे जरा चिडूनच लिहितेय.

"मालाच्या दुप्पट म्हणजे १०० टक्के प्रॉफिट, डिलिव्हरी फ्री." बरं. अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा, पोहे, दाणे, डाळं, खोबरं, काजू, तेल सगळं धरून मला ११० रुपयांना पडतो. दुप्पट म्हणजे २२०. आता पाऊच, स्टिकर, बॉक्स, टेप मिळून २४. गॅस ८. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन आलेले पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी कंपनी) साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये. आणि कुरिअर. इथे माझी पहिल्या वर्षी वाट लागली, कारण मी वजनकाट्यावर ६५० ग्रॅम बघितले आणि म्हटलं ४५-५० रुपयांत जाईल, तर बिल आलं २ किलोचं! भांडायला फोन केला तेव्हा समजलं की हलक्या पण जागा खाणाऱ्या पार्सलला ते आकारमानाचं वजन लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि त्याला भागिले ५०००. माझा बॉक्स ३० बाय २० बाय १५, म्हणजे ९०००, भागिले ५००० म्हणजे १.८ किलो, आणि स्लॅब लागला २ किलोचा, ११० रुपये. चिवडा म्हणजे निम्मी हवाच असते, तिचंही भाडं आपणच भरायचं.

बेरीज करा, २५७ झाले. विकला २२० ला. पाकिटामागे ३७ रुपये घरातून गेले, आणि यात माझी मजुरी शून्य धरलीये हं. चार किलोचा घाणा करून पॅक करेपर्यंत तीन तास जातात, मदतीला कोणाला बोलावलं तर तासाला १०० द्यावेच लागतात, म्हणजे आठ पाकिटांत प्रत्येकी ३७-३८ अजून. पण घरची बाई करते म्हटल्यावर तिचा वेळ कोण मोजतंय, तिनेही मोजायचा नाही असं या फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटत असावं.

(कानातले बनवणाऱ्या मैत्रिणीचं तर अजून भारी. मटेरियल १५ रुपये, दुप्पट ३०, कुरिअर ४५. करा फ्री डिलिव्हरी.)

"नफा बघू नका, वॉल्यूम बघा." ३७ रुपये तोट्याची १०० पाकिटं विकली तर ३,७०० चा तोटा होतो, बास.

मी काय केलं ते सांगते. हवेचे पैसे भरतोच आहोत तर त्या हवेत भाजणी भरली. बॉक्स तोच, स्लॅब तोच, आत अर्धा किलो चिवडा आणि अर्धा किलो भाजणी, खरं वजन सव्वा किलोच्या आतबाहेर, म्हणजे कुरिअर ११० च राहिलं. दोन्हींचा माल १८०, पॅकिंग ३६, गॅस १२, मजुरी ६०, गेटवे १४, कुरिअर धरून ४१२. कॉम्बो ५९९ ला विकते, १८७ उरतात. नुसता चिवडा पाहिजे असेल तर डिलिव्हरी वेगळी घेते आणि ते आधीच स्पष्ट लिहिते. फ्री डिलिव्हरी लोकांना आवडते हे त्या फॉरवर्डमधलं खरंय, पण ती भावात बसवल्यावर द्यायची.

"बाकीच्यांपेक्षा १० रुपये स्वस्त." तुम्ही १० केले की समोरची २० कमी करते, आणि तिचा खर्च किती, तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे का, होलसेलमध्ये पोहे मिळतात का, आपल्याला काय माहीत! सेलच्या नावाखाली १० टक्के सूट दिली तर माझे ६० रुपये जातात, पण ते १८७ मधून जातात हो, उरले १२७. म्हणजे १०० ऑर्डरींचा नफा कमवायला आता १४७-४८ ऑर्डरी करायच्या, दीडपट कढई, दीडपट पाठदुखी. त्यापेक्षा मी मेतकुटाचं छोटं पाकीट फ्री टाकते, मला १५ ला पडतं आणि पुढच्या वेळी लोक मेतकूट विकत मागवतात.

कॅश ऑन डिलिव्हरीवर मी दोनच ओळी लिहिणार होते, पण आकडा बघाच. १० पार्सलं गेली, २ परत आली, कारण "साहेब घरी नाहीत" किंवा फोनच बंद. जायचे ११० आणि यायचे ११०, दोन्हींचे मिळून ४४०. परत आलेला चिवडा मऊ पडलेला नाहीतर चुरा, तो कोणाला देणार, म्हणजे माल, पॅकिंग, गॅस, मजुरी धरून २८८ प्रमाणे ५७६ पाण्यात. एकूण १,०१६. बाकीच्या ८ पार्सलांवर कमावले होते १,४९६. सीओडीचा चार्ज यात धरलेलाच नाही. मी आता फक्त यूपीआय घेते, नवीन माणूस असेल तर आधी फोनवर बोलते. ऑर्डरी घटल्या, हो. रडणं पण घटलं.

राहिला जीएसटी, हे अर्धवट खरं आहे म्हणून जास्त डेंजर. ४० लाखांची मर्यादा माल राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. राज्याबाहेर एक पाकीट जरी विकलं तरी पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते, काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, चिवड्याला नाही. मोठ्या शॉपिंग साइटवर विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय चालतं, पण तेही एनरोलमेंट नंबर घेऊन आणि आपल्याच राज्यात. कंपोझिशन स्कीम (लहान व्यापाऱ्याने कमी दराने कर भरायची सोपी सोय) घेऊ म्हणाल तर त्यात राज्याबाहेर विकताच येत नाही.

म्हणून बेंगळुरूवाल्यांना मी सध्या नाही म्हणते, त्यातले दोघं पुण्यातल्या बहिणीच्या पत्त्यावर मागवून घेतात. पुढच्या वर्षी नोंदणी करणारे. पाकीटबंद चिवड्यावर ५ टक्के लागतो (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ होता), म्हणजे ५९९ चा कॉम्बो ६२९ होईल. मावशीला आत्ताच सांगून ठेवलंय. तिने विचारलं, "मला पण?"