ढेकूण की डास, पार्क चौकातला वाद

काल संध्याकाळी सोलापुरात पार्क चौकातल्या कट्ट्यावर सिद्धूनं शर्टाची बाही वर केली, तर दंडावर ओळीनं लाल गांधी. ढेकूण.

"डास परवडला बे," तो म्हणला, "कॉईल लाव, पंखा वाढव, भागतंय. हे नाय जात. गादी उन्हात टाकली, पलंगाच्या फटीत उकळतं पाणी ओतलं, परत हायच. झोप नाय, आणि पाहुण्यांना मुक्कामाला थांबा म्हणायची लाज वाटती."

त्याचा त्रास खराय. ढेकणाला पंख नाहीत पण बॅगेतनं, जुन्या फर्निचरमधनं येतोय आणि रक्त नाय मिळालं तरी कित्येक महिने फटीत तग धरतो, वर डासात नुसती मादीच चावते, इथं नर, मादी, पिल्लं सगळेच.

पण अंबादास तापला. त्याच्या पुतणीला डेंग्यू झालेला, प्लेटलेट उतरल्या तेव्हा सगळं घर दवाखान्यात बसून होतं. "ढेकणानं कोण ॲडमिट झालंय का बे?"

मी अंबादासच्या बाजूचा. ढेकणाच्या अंगात जंतू सापडलेत, पण तो माणसाला रोग देतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. डासाचं तसं नाय, डेंग्यूचा विषाणू मादीच्या पोटात वाढतो, आठ-दहा दिवसात तिच्या लाळेत उतरतो, मग ती जगेल तोवर ज्याला चावेल त्याला देऊ शकते. मलेरियाचा जंतू डासात रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला सापडला तो 1897 साली, आपल्या शेजारच्या सिकंदराबादलाच. इतकी वर्षं माहिती असून माणसं मरतात, याचा मला खरंच संताप येतो.

आणि सोलापुरात तर डेंग्यूच्या डासाला आपणच जागा देतो, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी म्हणून घराघरात बॅरल भरलेलं, आणि त्याला गटार नाय, साठवलेलं स्वच्छ पाणीच लागतंय. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. चावतोपण दिवसा, म्हणून नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाय.

अस्लम म्हणला, "मग काय भरलेलं पाणी ओतून देऊ? प्यायचं काय?"

ओतायचं नाय बे. पाणी यायच्या आदल्या रात्री बॅरल तळाला गेलेलं असतंय, तेव्हा आतनं कडा ब्रशनं घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. मग भरलं की वर घट्ट कापड बांधायचं.

अस्लमच्या गच्चीवरच्या टाकीला झाकणच नाय. रविवारी आम्ही तिकडं चाललोय, सिद्धूपण येतोय.