रात्री दोनचा गडी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब, हजेरी आणि कुणाचाही अडकलेला प्रिंटर बघतो. हजेरीच्या नोंदींची रोज एक प्रत काढून ठेवावी म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. हातानं चालवली, चालली. चारदा चालवली, चारदा चालली. मग क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या गड्याला, सांगितलं, रोज रात्री दोनला तू चालव बाबा, आणि घरी येऊन निवांत झोपलो.

सकाळी प्रत नाही. तक्रारही नाही. क्रॉनची रीत अशी, की काही बिनसलं तर तो मेलनं कळवतो. आमच्या सर्व्हरवर मेलची सोयच नव्हती, त्यामुळं त्यानं मजकूर फेकून दिला आणि लॉगमध्ये तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. गडी रात्री ओरडला होता, ऐकायला कुणी नव्हतं. मग त्याची बडबड एका फाईलमध्ये वळवली, तेव्हा कळलं: ‘आदेश सापडला नाही.’ अरे, कालच तर माझ्या हाताखाली सापडत होता!

त्याच आठवड्यात खानापूरला लग्न होतं आणि घर राखायला पुण्याहून मेव्हणा आला होता. जाताना त्याला चिठ्ठी लिहून दिली: पाणी आलं की कॉक फिरव, मोटर लाव, दुसऱ्या गेटाजवळून दूध आण. पोरगं गुणी. रात्री फोन आला, “भावजी, कॉक तीन आहेत. आणि तुमच्या घराला गेट एकच आहे.”

टिळकवाडीत जन्म गेलेल्या माणसाला पहिलं, दुसरं आणि तिसरं गेट म्हणजे रेल्वेची फाटकं, हे सांगावं लागत नाही. मी हसत हसत आईला हे सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. “त्याला काय ठाऊक? तू सांगितलास काय नीट?”

क्रॉनचंही नेमकं हेच. मी लॉगिन करतो तेव्हा माझं घर माझ्यासोबत येतं: कुठली अवजारं कुठल्या कपाटात, भाषा कुठली, वेळ कुठली. बॅश, म्हणजे मी टाइप केलेले आदेश चालवणारा शेल, माझ्या प्रोफाइलच्या फायली वाचतो आणि हे सगळं मांडून ठेवतो. क्रॉन त्या फायलींना हातही लावत नाही. खात्री करायला त्याच्याकडून दर मिनिटाला एन्व्ह, म्हणजे सोबत काय काय आणलंय त्याची यादी छापणारा आदेश, चालवून घेतला. माझ्या टर्मिनलवर जिथं पडदाभर ओळी येतात, तिथं त्याच्याकडं घर, नाव, शेल आणि अवजारं शोधायला दोन फोल्डरांचा पाथ, एवढंच. शेलही बॅश नव्हे, साधा एसएच. मी स्क्रिप्टच्या फोल्डरात बसून काम करायचो. हा थेट होम फोल्डरात उभा, हातात चिठ्ठी. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या चिठ्ठीत, जुन्या पाथला नवा जोडावा म्हणून डॉलरचं चिन्ह घालून लिहिलं, तर त्यानं ते उलगडलंच नाही, जसंच्या तसं घेतलं. शेवटी प्रत्येक अवजाराचा पत्ता मुळापासून लिहिला. कॉक जिन्याखालचा, डावीकडचा, लाल दांड्याचा.

तरीही प्रत नाही. फाईलच्या नावात तारीख हवी म्हणून क्रॉनटॅबच्या ओळीतच टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं. क्रॉन पहिल्या टक्क्याशी ओळ तोडतो आणि पुढचं सगळं आदेशाला आत ढकलायचा मजकूर समजतो. आमच्याकडं टक्का दिला की कामं पुढं सरकतात, असं ऐकून होतो. टक्क्यानं अडलेलं काम हे पहिलंच. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला, तोंडात ब्रश असतानाच, मालकांचा फोन. “अहो, पंचिंग अडकलंय. गेटवर पहिल्या शिफ्टची रांग लागलीय, या लवकर.”

स्क्रिप्ट चालू होती. पहिल्यांदाच, अगदी व्यवस्थित, सगळ्या नोंदी कुलूप लावून प्रत काढत होती. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. तिथं दोन वाजले, की आपल्याकडं साडेसात. माझ्या टर्मिनलला भारतीय वेळ ठाऊक होती, कारण ती मीच कधीतरी माझ्या प्रोफाइलमध्ये लिहिली होती.

मी चप्पल शोधत होतो, तेवढ्यात नळ फुसफुसला. आई आतून ओरडली, “पाणी आलंय, कॉक फिरव!”

मेव्हणा जागचा हलला नाही. “कुठला?”