जीआरई (परदेशात मास्टर्सला जायची प्रवेशपरीक्षा) बॅचबद्दलच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला क्लासचं उत्तर

नमस्कार. क्लासमध्ये तुम्हाला अरे-तुरे करायचो, इथे चारचौघांत लिहितोय म्हणून तुम्ही म्हणतो.

तुमचं म्हणणं असं: आमच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, १७० पैकी १६३ पडायचे, खऱ्या परीक्षेत १५४ आले. दुसरा सेक्शन सोपा आला तरी मार्क गेले. ‘पहिल्या पाच प्रश्नांना जास्त वेळ द्या’ असं सरांनी सांगितलं. ऑगस्टमध्ये चार दिवस क्लास बंद होता. थोडक्यात, पैसे पाण्यात.

पहिल्या पाच प्रश्नांचं आधी बोलतो, कारण ती चूक सरळसरळ आमची आहे. हा सल्ला जुना. २०११ च्या आधी जीआरईत एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरायचा, तेव्हापासून तो क्लासेसमध्ये फिरतोय. आता क्वांटचे पहिले १२ प्रश्न मिळून कसे गेले त्यावर पुढचे १५ अवघड की सोपे ते ठरतं. त्या बारांत पहिला काय नि शेवटचा काय, वजन सारखंच. प्रश्नागणिक बदलते ती जीमॅट, एमबीएची प्रवेशपरीक्षा. जीमॅटची तीन मुलं आणि तुम्ही जीआरईवाले, सुरुवातीचे तीन आठवडे आम्ही एकाच वर्गात बसवलीत, आणि एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात गेलं. सरांचं ते वाक्य मला बाहेरच्या टेबलापर्यंत ऐकू आलं होतं. मी फीच्या पावत्या फाडत होतो, उठलो नाही.

काल तुमच्या शेवटच्या मॉकचा रफ कागद काढून पाहिला. तिसरा प्रश्न, दोन नळ आणि टाकी. समीकरण दोनदा खोडलंय आणि समासात तुमच्याच अक्षरात ‘६ मि.’ अख्ख्या सेक्शनला मिळतात २१. शेवटचे दोन प्रश्न कोरे, तेही चुकीला मार्क कापत नसताना! अडलं की खूण करून पुढे जायचं आणि त्याच सेक्शनमध्ये वेळ उरला तर मागे यायचं, हे मी स्वतः शिकवलं होतं. पण सरांचं वाक्य जास्त घट्ट बसलेलं दिसतंय.

सोप्या सेक्शनचं मात्र मला पटत नाही. पहिला घसरला म्हणून दुसरा सोपा आला. तो सगळा बरोबर सोडवला असता तरी १७० हाती लागले नसते. बाहेर पडल्यावर तुम्ही फोनवर ‘सर, पेपर एकदम सोपा’ म्हणालात, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता.

मॉकचं तुमचं खरं आहे. आमच्या छापील कागदांवर दुसरा सेक्शन सगळ्यांना एकच, मार्कांचा तक्ताही आम्हीच बसवलेला. त्या १६३ वर मी तुम्हाला तारीख घ्यायला सांगायला नको होतं. जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या साइटवर पॉवरप्रेपच्या चाचण्या फुकट मिळतात, त्यात दुसरा सेक्शन खऱ्या परीक्षेसारखा बदलतो. पुढच्या बॅचला त्या पहिल्याच महिन्यात कॉम्प्युटरवर बसवून घेणार, आणि जीमॅटचा वर्ग पहिल्या दिवसापासून वेगळा. मॉक सिरीजचे वेगळे घेतलेले १,५०० रुपये परत करतो. बाकीची फी नाही. व्हर्बल आणि निबंधाचे तास पूर्ण झालेत, त्यांबद्दल तुमची तक्रारही नाही.

ऑगस्टच्या सुट्टीबद्दल माफी मागणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी चढायला लागलं की मी शटर ओढतो, २०१९ चा महापूर सांगलीत काढलाय. ते तास रविवारी भरून दिले होते.

२१ दिवसांनी परीक्षा पुन्हा देता येते, आणि कॉलेजांना कुठला स्कोअर पाठवायचा ते तुमच्या हातात असतं. शनिवारी चार वाजता विश्रामबागला या, क्वांटच्या पहिल्या सेक्शनवर दोघं बसू, फी नाही. पैसे पाकिटात घालून ठेवलेत, रफ कागदही त्यातच आहे.