खंडणी गुपचूप कशी भरावी

‘आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे’ अशी मेलची सुरुवात झाली की समजावं, माहिती गेली. परवा एका कंपनीकडून असाच एक आला. त्याआधी ‘तांत्रिक कारणास्तव’ सेवा बंद पडली होती, मग आपोआप सुरू झाली. चोरांना पैसे भरलेत का, असं विचारल्यावर उत्तर आलं: ‘यावर भाष्य करू इच्छित नाही.’ हे कसब सगळ्यांना जमत नाही, म्हणून रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, तडाख्यात सापडलेल्या होतकरू व्यवस्थापनांसाठी थोडं मार्गदर्शन.

हल्ला हा शब्द उच्चारू नका. ‘नियोजित देखभाल’ म्हणा. पहाटे तीनला सगळे सर्व्हर एकदम बंद पडले असले तरी.

मग सर्व्हर ताबडतोब फॉरमॅट करा, म्हणजे पुसून कोरे करा. चोर कोणत्या व्हीपीएन खात्यातून (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या खात्यातून) आत आला, हे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, असतं. मशीन बंद केलं नसेल तर कधीकधी मेमरीत फायलींचं कुलूप उघडणाऱ्या चावीचे अवशेषही सापडतात. धमकीची चिठ्ठी आणि कुलूपबंद झालेल्या दोन-चार फायली जपून ठेवल्या, तर रॅन्समवेअर कोणत्या जातीचं ते ओळखता येतं. २०१६ पासून चालू असलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर त्याचं कुलूप फुकट उघडणारं साधनही मिळू शकतं. म्हणजे खंडणी भरायची संधीच हुकायची. पुसून टाका.

पैसे वाटाघाटी करणाऱ्या मध्यस्थाकडून भरा आणि हिशेबात ‘सल्ला शुल्क’ लिहा. उबरमध्ये २०१६ साली डेटाचोरांना एक लाख डॉलर ‘बग बाउंटी’, म्हणजे त्रुटी शोधून दिल्याचं बक्षीस, म्हणून दिले गेले होते. युक्ती झकास होती. २०२२ मध्ये तेव्हाचे सुरक्षाप्रमुख न्यायालयात दोषी ठरले, तेवढं सोडून द्या.

पैसे घेणारा सरकारच्या निर्बंधांच्या यादीत, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहार करायला मनाई आहे त्यांच्यात, आहे का, हे बघत बसू नका.

डेटा पुसल्याचा व्हिडिओ चोराकडून मागा आणि संचालक मंडळासमोर लावा. चोर कशाला खोटं बोलेल? फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या एनसीए या गुन्हे तपास यंत्रणेनं लॉकबिट या रॅन्समवेअर टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा पैसे भरलेल्यांचाही डेटा तिथे सापडला, तो अपवाद. त्याच वर्षी चेंज हेल्थकेअर या अमेरिकी आरोग्यसेवा कंपनीवरच्या हल्ल्यात २ कोटी २० लाख डॉलर दिले गेले, टोळी पैसे घेऊन पसार झाली आणि त्याच डेटासाठी दुसऱ्या टोळीच्या नावानं पुन्हा मागणी आली, तोही अपवादच.

आणि मुख्य म्हणजे सरकारला कळवू नका. ऑस्ट्रेलियात ३० मे २०२५ पासून वर्षाला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना पैसे भरल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. अमेरिकेचा २०२२ चा कायदा २४ तास म्हणतो, नियमावलीला मात्र वर्षानुवर्षं मुहूर्त लागेना. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मुळात हल्लाच ६ तासांत कळवायचा असतो. आता हा छळ बघा, कळवायचं काय तर: किती मागितले, किती दिले, कोणत्या चलनात, कधी, चोराशी काय बोलणं झालं. सगळं मध्यस्थाच्या चॅटमध्ये लिहिलेलंच असतं! सोबत पैसे ज्यात गेले त्या बिटकॉइन वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक जोडायचा. उतरवून काढायला अर्धा दिवस लागत नाही. बरं, ऑस्ट्रेलियाचा तो कायदा पैसे भरायला बंदीसुद्धा करत नाही आणि दिलेली माहिती तुमच्यावरच उलटवण्यावर त्यात मर्यादा आहेत. तरी तोंड शिवलेलं! का, तर शेअरचा भाव पडेल, भागधारक विचारतील, पुढची बढती हुकेल.

त्या एका पत्त्यानं काय होतं ते ऐका. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही सगळ्यांसाठी उघडी असते. एक पत्ता मिळाला की त्यात आणखी कोणाकोणाचे पैसे आले आणि ते कोणत्या एक्स्चेंजकडे (बिटकॉइन विकून रोकड करायच्या बाजाराकडे) निघाले, हे दिसतं. वेळेत कळलं तर गोठवता येतात, महिन्याभरानं नुसतं बघत बसायचं. मे २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीनं ७५ बिटकॉइन भरले आणि एफबीआयला कळवलं. जूनमध्ये त्यातले ६३.७ जप्त झाले. हाइव्ह या रॅन्समवेअर टोळीच्या यंत्रणेत तर एफबीआय २०२२ च्या जुलैपासून सात महिने घुसून बसली होती आणि तीनशेहून जास्त बळींना तिनं चाव्या दिल्या. तक्रार किती जणांनी केली होती? सुमारे २० टक्के. बाकीचे चावी पोलिसांकडे असताना बिळात लपून बसले होते.

पुरे झाला उपरोध. तुम्ही लपवता त्यात तुमचं एकट्याचं काही नसतं. आमची नावं, आजार, पगार, पत्ते तुम्ही घालवलेत, वर आमच्याच पैशातून टोळीचा पुढचा हंगाम भागवलात, आणि ज्या फटीतून ती आत आली ती फट शेजारच्या रुग्णालयाला सांगायचीही तुम्हाला लाज वाटली. दंडाचा आकडा मध्यस्थाच्या बिलाइतका होईपर्यंत तुम्ही हलणार नाही, हे कायदे करणाऱ्यांनाही एव्हाना कळायला हवं होतं. शुक्रवारी दुपारी पैसे सोडलेत ना? सोमवारी दुपारच्या आत फॉर्म भरा. आणि आम्हाला पाठवायच्या मेलमधून ते ‘सर्वोच्च प्राधान्य’ आधी खोडा.