शिरोडकर नक्की कोणाकडे बघत होती?

"पिक्चर निघालाय ना त्याच्यावर? मग पुस्तक कशाला वाचायचं?" हे वाक्य दिन्या अधूनमधून टाकतोच. परवा त्याने ते नेमकं शिल्पासमोर टाकलं, आणि तेही मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'बद्दल. शिल्पा नववीच्या पोरांना मराठी शिकवते. म्हणजे बघा.

आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. समोर चहाची टपरी. मंडळी ठरलेली. बँकेतून सुटलेला दिन्या, वह्यांचा गठ्ठा सांभाळत येणारी शिल्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले मूळचे कुडाळचे अण्णा, आणि मोहित. मोहित आमच्यात सगळ्यात धाकटा, आणि आम्ही सुचवलेलं काहीही त्याला 'स्लो' वाटतं.

दिन्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. २०१२ साली सुजय डहाकेचा 'शाळा' आला, तो त्याने थिएटरात जाऊन पाहिलेला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा आहे, पोरांची कामं झकास आहेत. "केतकी माटेगावकर म्हणजेच शिरोडकर. विषय संपला. आता ती सोडून दुसरी कोणी डोळ्यांसमोर येतच नाही. मग पुस्तकात वेगळं काय मिळणार आहे मला?"

"तिथेच तर घोळ आहे," शिल्पाने वह्या बाजूला ठेवल्या. "पुस्तकात तुला शिरोडकर दिसतच नाही रे. दिसते ती गोष्ट सांगणाऱ्या जोशीला दिसलेली शिरोडकर. समजा ती वर्गात मागे वळली. आता ती जोशीसाठी वळली, का मागच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे पट्टी मागायला वळली, हे ठरवणार कोण? जोशीच! आणि तो कोण, तर नववीतलं प्रेमात पडलेलं कार्टं. त्याच्या हिशोबावर किती विश्वास ठेवायचा हे आपलं आपण बघायचं. पिक्चरमध्ये कॅमेरा तिच्या तोंडावर गेला की निकालच लागला. ती बघतेय, हसतेय, आपण साक्षीदार. पोराची सगळी धाकधूक एका क्लोजअपमध्ये खल्लास."

माझ्या मते त्या संध्याकाळी बोलली गेलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही. बाकी मग तिच्याभोवतीच आम्ही तासभर भांडलो. मलाही पुस्तक आठवतं ते जोशीच्या बोलण्यामुळे. आई म्हणजे आईसाहेब, बहीण म्हणजे अंबाबाई, बेंद्रेबाई म्हणजे बेंद्रीण. चौघं मित्र अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसतात आणि जगाचा न्यायनिवाडा करतात. साल आणीबाणीचं. मोठी माणसं कसल्या चिंतेत आहेत ते जोशीला अर्धंमुर्धं कळतं, आणि त्या अर्ध्यामुर्ध्यातून आपल्याला सगळं कळतं. पडद्यावर आणीबाणी 'दाखवावी' लागते. पुस्तकात ती नुसती पोराच्या कानांवरून जाते.

"बरं," दिन्या म्हणाला, "मग 'सिंहासन'चं काय? ते तर पुस्तकापेक्षा भारी आहे. नाही म्हण."

शिल्पाला नाही म्हणता येईना. अण्णा तर खूशच झाले. १९७९ला आलेला जब्बार पटेलांचा 'सिंहासन' हा त्यांचा हळवा कोपरा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या, आणि विजय तेंडुलकरांनी दोन्ही मिळून एकच पटकथा बांधली. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीखाली सुरुंग लावणारे अर्थमंत्री डॉ. श्रीराम लागू, आणि सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले. अण्णा म्हणाले, "निळूभाऊंना एरवी आपण पाटील नाहीतर सरपंच म्हणून बघायचो. आत आले की बायाबापड्या पदर सावरायच्या. तोच माणूस इथे गप्प उभा राहून नुसता बघतो हो. आणि शेवटी? एवढी उलथापालथ, एवढे डावपेच, आणि जे एकमेकांच्या जिवावर उठले होते तेच पुन्हा एका पंगतीला. दिगू रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसणं कागदावर कसं लिहाल? लिहून दाखवा."

नाही लिहिता येणार. हे शिल्पानेही कबूल केलं, पण तिथूनच तिने आपला सिद्धांत काढला. साधूंच्या त्या कादंबऱ्या कोणा एकाच्या नाहीत, त्या अख्ख्या मुंबईच्या आहेत. मंत्रालय, युनियनवाले, स्मगलर, पत्रकार, सगळे एकमेकांत गुंतलेले. असल्या गोष्टीला कॅमेरा मानवतो, कारण तो दहा जणांच्या मागे फिरू शकतो. 'नटरंग'चंही तेच. आनंद यादवांच्या गुणाची तालमीतली काया आणि पुढे नाच्या झाल्यावरची त्याची चाल, हे अतुल कुलकर्णीच्या अंगावर बघितल्यावर वाचलेलं फिकं वाटलं तर नवल नाही. पण जिथे 'मी' सांगतोय आणि त्या 'मी'वर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, तिथे पडदा मार खातो.

"झालं तुझं?" दिन्या. "आता सांग. टिपरे."

इथे शिल्पा गप्प झाली, आणि मला मनापासून मजा वाटली. कारण दिन्याने खरंच नेम धरून दगड मारला होता. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून आली. म्हणजे चक्क डायरी. डायरीपेक्षा जास्त 'मी' कुठे सापडणार? तरीही केदार शिंदेने केलेली ती मालिका चालली, नुसती चालली नाही तर अजून लोक यूट्यूबवर शोधून शोधून बघतात. आमच्याकडे जेवताना लागते.

"ती चालली कारण त्यांनी डायरी टाकून दिली नाही," शिल्पा थोड्या वेळाने म्हणाली. "दिवसभरात घरात काय झालं ते आपण बघतो. शेखरची चिडचिड, श्यामलाची धावपळ, शिऱ्या आणि शलाकाची भांडणं. मग आबा लिहायला बसतात. जे घडलं ते वेगळं, आबांच्या वहीत उतरलं ते वेगळं. गंमत त्या दोन्हींच्या मधे आहे. 'शाळा'त तो मधला भाग मला पुरेसा सापडला नाही, एवढंच."

"म्हणजे करता येतं."

"येतं. पण करणारा पाहिजे."

"मग तेच तर म्हणतोय मी केव्हापासून!" दिन्या हे मुळीच म्हणत नव्हता. पण कट्ट्यावर आपण जिंकतोय असं वाटलं की माणूस आधीचं सगळं विसरतो.

मधेच 'दुनियादारी'ही निघाली. सुहास शिरवळकरांचे भक्त आणि २०१३च्या पिक्चरचे भक्त या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही. आम्ही तो विषय पाच मिनिटांत गुंडाळला, नाहीतर कोणीतरी 'टिक टिक वाजते डोक्यात' गायला लागलं असतं.

अण्णांना मात्र 'मी'चा मुद्दा चांगलाच लागला होता. त्यांनी 'मृत्युंजय' काढली. शिवाजी सावंतांची ही १९६७ची कादंबरी ज्यांच्या घरात नाही असं मराठी घर दाखवा, असं त्यांचं नेहमीचं आव्हान. त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी खुद्द कृष्ण. प्रत्येक जण 'मी' म्हणून. "आता चोप्रांच्या महाभारतात काळ बोलतो. 'मैं समय हूँ.' म्हणजे त्याला सगळं ठाऊक, तो सांगेल ते खरं. सावंतांकडे असा कोणी नाही. कुंतीचं ऐकलं की कुंतीचं पटतं, वृषालीचं ऐकलं की कुंतीचा राग येतो. यावर मालिका करणारा बाजू कोणाची घेणार?"

"कोणाचीच नाही," मोहित पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. "'राशोमोन' बघा ना. कुरोसावाचा. १९५०चा आहे. जंगलात एक खून होतो, चार जण चार प्रकारे सांगतात. चारही वेळा कॅमेरा ते तसंच्या तसं दाखवतो. खरं कोण, ते सांगतच नाही. शिल्पाताई, तू म्हणतेस कॅमेरा म्हणजे साक्षीदार. साक्षीदार खोटं बोलू शकतो की."

दोन-तीन सेकंद कोणी काही बोललं नाही. ज्याला 'सिंहासन' ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून बघवत नाही, तो आम्हाला १९५०चा जपानी सिनेमा सांगत होता. शिल्पाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती वर्गात अचानक बरोबर उत्तर देणाऱ्या मागच्या बाकावरच्या पोराकडे पाहत असणार. मला विचाराल तर मोहितचा मुद्दा चोख होता, आणि शिल्पाच्या सिद्धांताला त्याने भोक पाडलंच. फक्त एवढंच म्हणेन, की एकच माणूस जेव्हा अडीचशे-तीनशे पानं एकट्याने बोलतो, तेव्हा चार जणांच्या चार कहाण्यांची ती सोय नसते. तिथे खोटं पकडायला दुसरा माणूसच नाही, वाचणाऱ्याशिवाय.

"ता सगळां ऱ्हवांदे," अण्णा म्हणाले, "माझी तक्रार येगळीच हा." अण्णांची तक्रार म्हणजे 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका. २०१६ला पहिला भाग सुरू झाला, त्यात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. दुसरा भाग २०१९ला आला तो मागे जाऊन अण्णा नाईक जिवंत असतानाची गोष्ट सांगणारा, आणि शेवंता घरोघरी पोचली. तेव्हापासून आमच्या अण्णांना कोणी 'शेवंता बरी आहे ना?' विचारल्याशिवाय चहा मिळत नाही. त्यांना त्याचं काही नाही. त्यांचा राग भाषेवर. "ती मालवणी नाय रे. मराठीक मारलेलो तडको." पण एक भाग चुकवला नव्हता त्यांनी, हे काकूंनी आम्हाला सांगितलेलं आहे.

दिन्याची आई रोज संध्याकाळी सातपासून मालिका बघते. दहा वाजेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. दिन्या म्हणतो, तिच्या एका मालिकेत हळदीचा एकच कार्यक्रम आठवडाभर चालला आणि नवऱ्या मुलाच्या गालाला हळद काही लागेना. यावर कोणाचंच दुमत नव्हतं, त्यामुळे विषयात दम नव्हता.

निघता निघता मोहितने बॉम्ब टाकला. "'कोसला'वर वेब सिरीज केली तर?"

शिल्पाने डोक्याला हात लावला. नेमाड्यांची १९६३ची कादंबरी, पांडुरंग सांगवीकर, पुण्यातलं हॉस्टेल, आणि 'मी' असा, की सगळ्या जगाची टर उडवता उडवता धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाशी आला की वाचणाऱ्याच्या घशात काही उतरत नाही. याला हात लावू नये, असं मलाही वाटतं. पण मोहित वही उघडल्यासारखा विचारत होता.

"आठ एपिसोड धरू. पहिल्यात तो काय करतो?"

"विशेष काही नाही. गावातून शिकायला येतो."

"दुसऱ्यात?"

"मेस बघतो, हॉस्टेलचं राजकारण बघतो, पैसे उडवतो."

"आणि शेवटी?"

"परत गावाला जातो आणि कट्ट्यावर बसतो."

"आठ कशाला?" दिन्या हेल्मेट घालत म्हणाला. "आमच्या आईच्या चॅनेलला द्या. तीन वर्षं आरामात काढतील."